पन्नास बॉड ते शंभर मेगाबिट : लाइनीच्या वेगाचा हिशेब

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरता आला, आणि तोही परीक्षेपुरताच. तेव्हा मी दूरसंचारावर लेख लिहिलेला पाहून विज्ञान शाखेतील मित्रांना हसू येईल. परंतु या लेखाचे मूळ विज्ञानात नाही, हिशेबात आहे. आणि हिशेब चुकल्यामुळे खाल्लेल्या बोलण्यांत आहे.

कॉलेज सुटल्यावर मी एका कर सल्लागारांच्या कार्यालयात हिशेब लिहिण्याचे काम करतो. एका शनिवारी एका व्यापाऱ्याच्या वर्षभराच्या वह्या आणि पावत्या यांची फाइल हुबळीच्या लेखापरीक्षकांकडे पाच वाजण्याच्या आत पाठवायची होती. फाइल ६०० एमबीची. कार्यालयाची लाइन १० एमबीपीएसची. मी मनातल्या मनात भागाकार केला. ६०० भागिले १० म्हणजे ६० सेकंद. एका मिनिटाचे काम! मी निवांत चहा घेतला आणि पावणेपाचला बटण दाबले.

फाइल पोहोचली सव्वासहाला. हुबळीचे कार्यालय तोवर बंद झाले होते. विवरणपत्र सोमवारी भरले गेले आणि त्या व्यापाऱ्याला विलंब शुल्क बसले. मालकांनी ते माझ्या पगारातून कापले नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण ‘वाणिज्याचा विद्यार्थी आणि साधा भागाकार येत नाही?’ हे वाक्य मात्र माझ्या खात्यावर कायमचे जमा झाले.

आमच्या कार्यालयात एक वयोवृद्ध लेखनिक आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. तरुणपणी ते एका व्यापारी पेढीत टेलेक्स चालवीत असत. सारे गेल्यावर ते माझ्याजवळ आले.

“भागाकार बरोबर आहे रे तुझा,” ते म्हणाले, “पण तू भागलंस काय आणि कशानं? मालाचं वजन घेतलंस आणि पोत्यांच्या संख्येनं भागलंस. आमच्या टेलेक्सला ५० लिहिलेलं असायचं. म्हणून काय सेकंदाला ५० अक्षरं जायची? सहा-साडेसहा जायची!”

त्या एका वाक्याने मला कामाला लावले. मागील पिढीतील लोक बॉड म्हणत, नंतरचे किलोबिट म्हणू लागले, आणि आपण एमबी म्हणतो. या साऱ्यांचा मेळ कसा घालावा, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

खेप, पोते आणि माल

समजा, बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याला बटाटा पाठवायचा आहे. तासाला गाड्यांच्या किती खेपा होतात, हा एक आकडा. एका खेपेत किती पोती मावतात, हा दुसरा आकडा. आणि पोत्याच्या वजनातून बारदान वजा जाता निव्वळ माल किती, हा तिसरा आकडा. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात. पण एकाच्या जागी दुसरा धरला की व्यापारी बुडालाच म्हणून समजा.

लाइनीच्या वेगाचेही असेच आहे. तारेवरील विजेची किंवा आवाजाची स्थिती सेकंदाला किती वेळा बदलू शकते, म्हणजेच किती ठोके जातात, ते बॉडमध्ये मोजतात. ह्या झाल्या खेपा. प्रत्येक ठोक्यात ‘शून्य की एक’ अशा किती निवडी भरल्या आहेत, त्यावरून सेकंदाचे बिट ठरतात. ही झाली पोती. आणि त्यांतून आरंभ-शेवटच्या खुणा, पत्ते, तपासणीचे आकडे वगैरे बारदान वजा केले, की उरतो तो आपल्या कामाचा मजकूर. हा माल आज आपण बाइटमध्ये मोजतो.

जुन्या वेगाचे नव्या एककात रूपांतर करताना पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘काय मोजले आहे?’ हा असतो. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर पुढचे सर्व पाढ्यांचे काम आहे.

कडकट्टपासून बॉडपर्यंत

तारायंत्राच्या काळी वेग शब्दांत मोजत. तारमास्तर मिनिटाला अमुक शब्द पाठवतो, असे म्हणत. पण मोर्सच्या लिपीत अक्षरे सारख्या लांबीची नसतात. एखादे अक्षर एका टिंबाचे, तर एखादे तीन-चार रेघांचे. तेव्हा ‘शब्द’ म्हणजे किती? यासाठी ‘पॅरिस’ हा रोमन लिपीतील शब्द प्रमाण मानण्याची रीत आहे. टिंबाएवढा काळ हे एक माप धरले, तर हा शब्द पुढच्या मोकळ्या जागेसह बरोबर ५० मापांचा होतो. मिनिटाला २४ शब्द पाठविणारा तारमास्तर १,२०० मापे पाठवतो, म्हणजे सेकंदाला २०. हा वेग झाला २० बॉड.

बॉड हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तार-अभियंत्यावरून आले. त्याने १८७४ मध्ये आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तिच्यात प्रत्येक अक्षराला सारख्या लांबीची पाच मापे असत. प्रत्येक माप दोनांपैकी एका स्थितीत. दोनचा पाचवा घात ३२, म्हणून ३२ निरनिराळे संकेत मिळाले. रोमन अक्षरे २६, तेव्हा ती त्यात बसली. आणि अंकांसाठी ‘यापुढे अंक समजावेत’ असा एक संकेत राखून ठेवला. पुढे डोनाल्ड मरे याने या संकेतात फेरफार केले, आणि त्या परंपरेतूनच टेलेक्सचा आंतरराष्ट्रीय संकेत आला.

टेलेक्सचा ढोबळ आणि निव्वळ

आता काकांच्या ५० चा उलगडा करू. टेलेक्सचा वेग ५० बॉड, म्हणजे एक ठोका २० मिलिसेकंदांचा. अक्षराचे ठोके पाच. परंतु पलीकडच्या यंत्राला अक्षर कोठे सुरू झाले हे कळावे म्हणून आधी एक ठोका, आणि कोठे संपले हे कळावे म्हणून शेवटी दीड ठोका. एकूण साडेसात. साडेसात गुणिले २० म्हणजे १५० मिलिसेकंद. एका अक्षराला एवढा वेळ लागला, तर मिनिटात बरोबर ४०० अक्षरे जातील. पाच अक्षरे आणि एक मोकळी जागा मिळून सहाचा शब्द धरला, तर मिनिटाला सुमारे ६६ शब्द.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसेल. साडेसातांपैकी पाच माल, अडीच बारदान. ढोबळ वेग ५०, निव्वळ वेग ३३ आणि एक तृतीयांश. शेकडा ३३ हून अधिक बारदान! कोणताही अडत्या इतके बारदान मान्य करणार नाही. पण त्या अडीच ठोक्यांवाचून पलीकडे अक्षरांऐवजी नुसता गोंधळ उमटला असता. बारदान नको म्हणून बटाटा उघडा पाठवता येत नाही, तसेच हे.

टेलेक्सचा आकार वेळेवर असे, म्हणून काका आणि त्यांचे सोबती मजकूर आधी कागदी पट्टीवर भोके पाडून तयार ठेवीत, आणि लाइन लागली की पट्टी यंत्रात घालून पूर्ण वेगाने सोडीत. बोटे अडखळली तर पेढीच्या खिशाला चाट बसे. लाइनीच्या वेगाचा हिशेब त्यांना पाठ होता, कारण तो रुपयांचा हिशेब होता. आपल्याला तो पाठ नाही, कारण महिन्याचे पैसे भरले की आपण मोजणेच सोडून देतो.

टेलिफोनच्या तारेवर आकड्यांची वाहतूक

टेलिफोनची वाट माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ या पट्ट्यातील आवाज तेवढा ती नेते. संगणकाचे शून्य-एक अशा वाटेवरून न्यायचे, तर त्यांचे आवाजात रूपांतर करावे लागते. हे काम करणारे यंत्र म्हणजे मोडेम. अमेरिकेत १९६२ मध्ये आलेल्या बेल १०३ या मोडेमचा वेग ३०० बॉड होता. एका ठोक्यात एकच बिट, म्हणून ३०० बॉड म्हणजे ३०० बिट. येथे अक्षराचे सामान्यतः आठ बिट आणि दोन बिट बारदान, एकूण दहा. म्हणून सेकंदाला ३० अक्षरे.

वेग वाढवायचा कसा? खेपा वाढवाव्यात, तर घाटरस्ता अरुंद. मग अभियंत्यांनी खेपेतील पोती वाढवली. दोनच प्रकारच्या ठोक्यांऐवजी चार प्रकारचे ठोके केले, तर एका ठोक्यात दोन बिट बसतात. १६ प्रकारचे केले, तर चार. म्हणून १,२०० बिटचा मोडेम प्रत्यक्षात ६०० बॉडचाच होता. पुढे २,४०० बिटचा मोडेम आला, तोही ६०० बॉडचा! आणि ९,६०० बिटच्या मोडेमचा वेग २,४०० बॉड.

येथेच जुन्या कागदपत्रांतील मोठी गफलत सापडते. मोडेमवर सर्रास ‘९,६०० बॉड’ असे म्हटले जाई. ते चूक होते. ९,६०० ही पोती, खेपा २,४०० च. मात्र संगणक आणि मोडेम यांना जोडणाऱ्या केबलवर ९,६०० बॉड म्हटले, तर ते बरोबर. कारण तेथे एका ठोक्यात एकच बिट असतो. शब्द तोच, जागा बदलली की अर्थ बदलला. तेव्हा जुन्या मोडेमपुढे ‘बॉड’ लिहिलेले दिसले, की आधी शंका घ्यावी.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा टेलिफोनवरून मिळणारा वेग ९.६ किलोबिट होता. पुढे तीच तार ३३.६ आणि मग ५६ किलोबिटपर्यंत गेली. हा ५६ चा आकडा फक्त येणाऱ्या मजकुराचा होता. घरून जाणाऱ्या मजकुराचा वेग त्याहून कमी असे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण माझ्या सव्वासहाचे अर्धे रहस्य तिच्यातच आहे.

चौसष्टचा पाढा

टेलिफोनचा आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत अशी. सेकंदाला ८,००० वेळा आवाजाचे माप घ्यायचे आणि प्रत्येक माप आठ बिटांत लिहायचे. आठ हजार गुणिले आठ म्हणजे ६४,००० बिट, अर्थात ६४ किलोबिट. एका माणसाच्या बोलण्याची ही वाहिनी. दूरसंचाराचे पुढचे बरेचसे जुने आकडे याच पाढ्यातून निघतात.

अमेरिकेने २४ वाहिन्यांची मोळी बांधली. २४ गुणिले ६४ म्हणजे १,५३६. त्यात चौकट जुळविण्याचे ८ मिळवून १,५४४ किलोबिट. हीच टी-१ लाइन. युरोपने ३२ ची मोळी बांधली आणि भारतानेही तीच स्वीकारली. ३२ गुणिले ६४ म्हणजे २,०४८ किलोबिट. ही ई-१. तिच्यातील ३० वाहिन्या बोलण्यासाठी, उरलेल्या दोन चौकट आणि संकेत यांसाठी. म्हणजे येथेही ३२ पोत्यांमागे दोन बारदान आलेच.

या ई-१ लाइनीला व्यवहारात ‘दोन एमबीची लाइन’ म्हणत आले. या ‘एमबी’पाशीच माझा पाय घसरला.

एकाच नावाचे दोन पैसे

एक बाइट म्हणजे आठ बिट. लाइनीचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. रोमन लिपीत लहान ‘बी’ म्हणजे बिट आणि मोठी ‘बी’ म्हणजे बाइट, एवढीच खूण. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे तीही पुसली जाते. आपण दोन्हींना ‘एमबी’च म्हणतो. माझी सूचना अशी, की मराठीत लिहिताना ‘मेगाबिट’ आणि ‘मेगाबाइट’ असे पूर्ण शब्द लिहावेत. शाई थोडी जास्त लागेल, पण विलंब शुल्क वाचेल.

दुसरा खड्डा ‘किलो’चा. दूरसंचारात किलो म्हणजे नेमके १,०००. संगणकाच्या स्मृतीत मात्र दोनच्या घातांची सोय म्हणून १,०२४ लाही किलो म्हणण्याची सवय पडली. ६४ किलोबिटची वाहिनी ६४,००० बिटची, पण ६४ किलोबाइटची स्मृती ६५,५३६ बाइटची. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हाही हेच झाले होते. जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग, नवा पैसा शंभरावा. नाव एकच, किंमत वेगळी. म्हणून काही वर्षे ‘नवा पैसा’ म्हणावे लागले. तसेच १९९८ मध्ये १,०२४ साठी ‘किबी’ हे वेगळे नाव ठरविण्यात आले. नव्या पैशाचे नाव लोकांच्या तोंडी बसले. किबीचे फारसे बसले नाही.

आपल्या अक्षरांचे वजन

टेलेक्सवर एक रोमन अक्षर पाच बिटांचे होते. आज संगणकाच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत साधे रोमन अक्षर एक बाइट घेते, तर देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट. ‘बेळगाव’ या नावात ब, मात्रा, ळ, ग, काना आणि व अशी सहा चिन्हे. म्हणजे १८ बाइट, १४४ बिट. कन्नडमध्येही प्रत्येक चिन्हाला तीनच बाइट. तेथे नावाच्या शेवटी एक स्वरचिन्ह जास्त, म्हणून सात चिन्हे, २१ बाइट. या अंकाचे मराठी आणि कन्नड असे दोन्ही विभाग संगणकाच्या तराजूत एकाच मापाने तोलले जातात, हे पाहून मला बरे वाटले.

या लेखात अदमासे बारा हजार देवनागरी चिन्हे धरली, तर ३६,००० बाइट झाले. ३०० बिटच्या मोडेमवर, बाइटला दहा बिट धरून, तो पाठवायला २० मिनिटे लागली असती. ९,६०० बिटवर साडेसदतीस सेकंद. शंभर मेगाबिटच्या लाइनीवर, बारदान न धरता, सेकंदाच्या हजाराव्या भागाचे सुमारे तीन भाग.

रूपांतराची रीत

एवढ्यावरून पाच पायऱ्यांची रीत सांगता येईल.

१. आकडा बॉडचा असेल, तर एका ठोक्यात किती बिट हे पाहून गुणावे.
२. अक्षरामागे आरंभ-शेवटचे बारदान असेल, तर ते वजा करावे. टेलेक्सला साडेसातने भागून अक्षरे मिळतात, जुन्या मोडेमला दहाने.
३. अखंड वाहणाऱ्या नव्या लाइनीला आठने भागून बाइट मिळतात. हा ढोबळ आकडा समजावा. प्रत्यक्षात थोडे कमीच हाती लागते.
४. लाइनीच्या वेगात किलो म्हणजे १,००० आणि मेगा म्हणजे दहा लाख धरावे.
५. वेग येण्याचा की जाण्याचा, हे विचारल्याशिवाय वेळ काढू नये.

या रीतीने काढलेले कोष्टक असे :

टेलेक्स : ५० बॉड, ५० बिट; सेकंदाला सहा पूर्णांक दोन तृतीयांश अक्षरे
३०० चा मोडेम : ३०० बॉड, ०.३ किलोबिट, ३० अक्षरे
१,२०० चा मोडेम : ६०० बॉड, १.२ किलोबिट, १२० अक्षरे
२,४०० चा मोडेम : ६०० बॉड, २.४ किलोबिट, २४० अक्षरे
९,६०० चा मोडेम : २,४०० बॉड, ९.६ किलोबिट, ९६० अक्षरे
एक टेलिफोन वाहिनी : ६४ किलोबिट, ८,००० बाइट
टी-१ लाइन : १.५४४ मेगाबिट, १,९३,००० बाइट
ई-१ लाइन : २.०४८ मेगाबिट, २,५६,००० बाइट
शंभरची लाइन : १०० मेगाबिट, १,२५,००,००० बाइट

हे केवळ जुन्या यंत्रांचे कौतुक नव्हे. आपल्या देशात ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणावे याची किमान मर्यादा २००४ मध्ये २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ५१२ झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. ही ‘२ मेगाबिट’ म्हणजे जवळजवळ जुन्या ई-१ इतकी, ज्यातून पूर्वी तीस माणसे एकाच वेळी बोलत. दर सेकंदाला ती पाव मेगाबाइट आणते. एक गिगाबाइटचा चित्रपट उतरवायला ४,००० सेकंद, म्हणजे एक तास सहा मिनिटे चाळीस सेकंद. २५६ किलोबिटच्या काळी त्यालाच पावणेनऊ तासांच्या आसपास लागले असते. जाहिरातीतील आकडा आठने भागला, की ग्राहक म्हणून आपण काय विकत घेतो ते कळते.

आता माझा जुना हिशेब पुन्हा मांडतो. फाइल ६०० मेगाबाइट, म्हणजे ४,८०० मेगाबिट. लाइन १० ची; पण जुन्या तांब्याच्या तारेवरची. १० हा येण्याचा वेग, जाण्याचा वेग १ मेगाबिट. ४,८०० भागिले १ म्हणजे ४,८०० सेकंद. ऐंशी मिनिटे! पावणेपाचमध्ये ऐंशी मिनिटे मिळवली की सहा वाजून पाच मिनिटे होतात. वरची दहा मिनिटे बारदानाची. सव्वासहा.

दुसऱ्या दिवशी हा कागद मी काकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून ओळीओळीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “आता जमलं. पण हे चहाच्या आधी करायचं असतं.”

मालकांनी तो कागद मागून घेऊन संगणकाच्या टेबलामागे भिंतीवर लावला आहे. मोठी फाइल पाठवायची झाली, की आता आमच्याकडे घड्याळाआधी त्याच्याकडे पाहतात.